बुधवारची बारा मिनिटं

आमच्या भाऊजींना घरातली सगळी पोरं ‘चौकोनकाका’ म्हणतात. मोठी माणसंही तेच म्हणतात, फक्त ते खोलीबाहेर गेल्यावर. कारण सरळ आहे. भाऊजी विचार करायला लागले की त्यांच्या हातात पेन येतं आणि समोरच्या कागदावर चौकोन उमटायला लागतात. चौकोनाला बाण, बाणाच्या टोकाला दुसरा चौकोन, त्याला पुन्हा दोन बाण. कागद कोणाचा आहे हे पाहायची पद्धत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर, एकदा तर ताईने तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकेवर. ताई शाळेत भूगोल शिकवते. तिने त्या मुलाला शेरा दिला, ‘आकृती नीटनेटकी, पण प्रश्नाशी संबंध नाही.’ मुलगा वर्गात उभा राहून शपथेवर सांगू लागला की बाई, ही आकृती मी काढलेलीच नाही. ताईला वाटलं, थाप मारतोय. घरी येऊन तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्या मुलाची माफी मागितली.

लग्नाआधी भाऊजी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, “तुम्ही नक्की करता काय?” हा प्रश्न ‘संशोधक आहे’ एवढ्यावर मिटण्यासारखा होता. भाऊजींनी वडिलांचं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं ओढून घेतलं आणि त्यावर चौकोन काढत पाऊण तास समजावून सांगितलं. शब्दकोडं पुरं केल्याशिवाय वडील जेवायला उठत नसत. त्या दिवशी मात्र ते निमूट ऐकत बसले, आणि पाहुणे गेल्यावर आईला म्हणाले, “मुलगा चांगला आहे. पाऊण तास बोलला, पण स्वतःबद्दल एक वाक्य नाही. कळलं मात्र काहीच नाही.”

मला कळायला पुढे दहा वर्षं लागली. तुम्हाला दहा ओळींत सांगतो.

भाऊजींची संस्था पावसाच्या, नद्यांच्या आणि समुद्राच्या भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवते. चार हजार ठिकाणी मोजणारी यंत्रं बसवली आहेत आणि प्रत्येक यंत्र दर पंधरा मिनिटांनी एक आकडा पाठवतं. भाऊजी तिथे लागले तेव्हाच सहा वर्षांचे आकडे साठले होते. पहिल्याच महिन्यात एका शास्त्रज्ञ बाईंना एका नदीचा हिशेब करायचा होता. हिशेबाला लागली चाळीस मिनिटं. पण त्यासाठी लागणारे आकडे साठवणीच्या खोलीतून काढून बाईंच्या संगणकापर्यंत आणायला लागले नऊ दिवस.

“नऊ दिवस हमाली आणि चाळीस मिनिटं विचार!” हे वाक्य म्हणताना भाऊजी आजही उभे राहतात.

त्या रागातून त्यांचं सगळं आयुष्य निघालं. आकडे जड असतात आणि प्रश्न हलका असतो, तेव्हा आकडे प्रश्नाकडे वाहून नेऊ नका, प्रश्नच आकड्यांकडे पाठवा, एवढा त्यांचा विचार. “इस्त्री कपाटाकडे न्यायची की कपाट इस्त्रीकडे?” असं ते प्रत्येक व्याख्यानात विचारतात. हा सिद्धांत त्यांनी घरीही करून पाहिला होता. कपाटाच्या दारावर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग अजून आहे.

या विचारावर त्यांना डॉक्टरेट मिळाली, आणि मग त्यांनी संस्थेसाठी ‘साठा’ नावाची व्यवस्था उभी केली. दोन खोल्या भरून संगणक, त्यांच्यावर वाटून ठेवलेले सगळे आकडे, आणि मधोमध भाऊजींचं सगळ्यांत लाडकं अपत्य, वाटाड्या. वाटाड्या म्हणजे माणूस नव्हे, एक प्रोग्रॅम. कुठल्या संगणकावर कुठले आकडे आहेत याची यादी त्याच्याजवळ असते. कोणी प्रश्न विचारला की तो यादी बघतो आणि प्रश्नाला बरोबर त्या संगणकाच्या दारात नेऊन उभा करतो. भाऊजींचा सर्वांत गाजलेला लेख या वाटाड्यावरच आहे. तो लेख वाचून दूरदूरची माणसं त्यांना भाषणाला बोलावत, आणि भाऊजी तिथे जाऊन कपाट आणि इस्त्री सांगत. त्यांनी पुस्तकही लिहिलं. त्याचं तिसरं प्रकरण फार प्रसिद्ध आहे, म्हणजे ज्यांना पुस्तक माहीत आहे त्या लोकांत. त्याचं सार असं की मोठ्या व्यवस्थेतलं कुठलंही काम एकाच माणसाच्या डोक्यात ठेवू नका. तो माणूस उद्या आला नाही तर सगळं ठप्प होईल.

हा नियम त्यांनी संस्थेत कडक पाळायला लावला. महिन्यातून एकदा, कुठलाही दिवस धरून, न सांगता एका संगणकाची वायर उपसायची, बाकीचे सावरून घेतात का ते बघायचं. पुढे त्यांना वाटलं, संगणकाची परीक्षा होते, मग माणसांची का नाही? त्यांनी ‘मौन’ सुरू केलं. गटातल्या पाच जणांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने दोन दिवस घरी बसायचं. त्याने फोन करायचा नाही, त्याला फोन करायचा नाही. मेला असं समजायचं.

अकरा वर्षं ही प्रथा चालली. अकरा वर्षांत भाऊजींची चिठ्ठी एकदाही निघाली नाही. गटातले लोक ‘सरांचं नशीब’ म्हणत. चिठ्ठ्या लिहायचे भाऊजीच. गेल्या वर्षी नव्या संचालिका आल्या. त्यांनी डबा उलटा केला आणि मोजल्या. चार निघाल्या.

“सर, तुमची कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“माझी?” भाऊजी खरोखरच गोंधळले. “मी कसा मौनात जाईन? मी तर परीक्षा घेतो.”

संचालिका हसल्या नाहीत. तीन महिन्यांनी भाऊजी निवृत्त होणार होते आणि संचालिकांच्या टेबलावर ‘साठ्याचं पुढे काय?’ हा कागद पडला होता. त्या म्हणाल्या, “चालवणारा माणूस गेल्यावर बंद पडेल अशी गोष्ट मला ठेवता येणार नाही. तुम्ही सात दिवस मौनात जा. तेवढ्या दिवसांत साठ्यातली एकही नोंद हरवली नाही, तर साठा राहील. हरवली, तर बाहेरची तयार व्यवस्था घेऊ. ती सोपी आहे. तिच्यात फक्त दर महिन्याची सरासरी ठेवतात. मूळ आकडे जातील.”

भाऊजींनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्यांच्यासमोर कागद होता, पेन होतं, आणि त्यांनी चौकोन काढला नाही. चौतीस वर्षांचे आकडे. “महिन्याची सरासरी म्हणजे तीस माणसांचे चेहरे मिसळून काढलेला एक फोटो,” ते म्हणाले. “कोणालाच ओळखता येत नाही.”

“पण तुमची माणसं हुशार आहेत,” ताई म्हणाली. “तुम्हीच सांगता की.”

“हुशार आहेत. आणि सगळं चित्रात लिहिलेलं आहे. एक्केचाळीस चौकोन. एक गोष्ट सुटलेली नाही.”

मौनाचा आठवडा ठरला. भाऊजींचा फोन ताईच्या पर्समध्ये गेला. लॅपटॉप तिने शाळेत नेऊन नकाशांच्या कपाटात कुलूपबंद केला. आणि ती सकाळी सातला शाळेत जाते म्हणून दिवसभर राखण करायला मला बोलावलं.

“मी?” मी म्हणालो.

“तुला तसंही काय काम असतं?” सख्ख्या बहिणीशिवाय कोणी इतक्या प्रेमाने विचारत नाही. “आणि हे बघ, त्यांना शेजाऱ्यांकडे जाऊ देऊ नकोस. त्यांच्याकडे लँडलाइन आहे.”

सोमवारी भाऊजींनी स्वयंपाकघरातले डबे ‘किती वेळा लागतात’ या क्रमाने लावले. मीठ दारापाशी आलं, साखर माळ्यावर गेली, कारण ताईने साखर सोडली आहे. आम्ही दोघे दुपारचा चहा बिनसाखरेचा प्यायलो. मंगळवारी त्यांनी गळका नळ दुरुस्त केला. म्हणजे मंगळवारी दुपारपर्यंत तो एका ठिकाणी गळत होता. तरी भाऊजी खुशीत होते. मधूनमधून माझ्या फोनवर संस्थेचा पावसाचा नकाशा बघायला मागत. मी आधी नाही म्हणालो.

“अरे, तो सगळ्या जगाला दिसतो,” ते म्हणाले. “सगळ्या जगात मीच काय पाप केलंय?”

यात नियमभंग नव्हता, म्हणून मी दाखवू लागलो. नकाशावर निळे-जांभळे डाग, आणि खाली बारीक अक्षरांत ‘शेवटचा बदल’ म्हणून वेळ. दर पंधरा मिनिटांनी ती वेळ पुढे सरकत होती. भाऊजी ती वेळ वाचून मान हलवायचे. पोर झोपेत नीट श्वास घेतंय का ते बघावं, तसं.

बुधवारी सकाळी साडेनऊला आम्ही गॅलरीत बसलो होतो. भाऊजी समोरच्या इमारतीवरच्या कबुतरांचे गट पाडत होते. अचानक ते थांबले. चहाचा कप त्यांच्या हातात होता, तो त्यांनी न पिता खाली ठेवला.

“आज वार कोणता?”

“बुधवार.”

“नकाशा बघ.”

नकाशावर शेवटचा बदल होता सव्वानऊचा. पावणेदहाला पाहिलं तेव्हाही सव्वानऊ. दहाला सव्वानऊ. सव्वादहाला भाऊजी उठून आत गेले आणि पलंगाच्या कडेवर बसले. मी मागे गेलो.

“काय झालं, भाऊजी?”

“बेचाळिसावा चौकोन,” ते म्हणाले.

मग तुटक तुटक बाहेर आलं ते असं. वाटाड्याची ती यादी फुगत जाते. एखादा संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तो नव्या नावाने येतो, आणि जुनं नाव यादीत तसंच राहतं. आठवडाभरात अशी मेलेली नावं एवढी जमतात की वाटाड्या प्रश्नांना घेऊन रिकाम्या दारांपाशी जाऊन उभा राहायला लागतो. सोळा वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा लक्षात आलं. भाऊजींनी ठरवलं, पुढच्या महिन्यात नीट दुरुस्त करू. तोपर्यंत तात्पुरतं म्हणून दर बुधवारी सकाळी लवकर जायचं, चहा घ्यायचा आणि ती यादी हाताने साफ करायची. बारा मिनिटं लागतात, भाषणाला बाहेरगावी असलं तर लॅपटॉपवरून. तो पुढचा महिना सोळा वर्षं आला नाही.

“पण तुम्ही कोणालाच नाही सांगितलंत?”

“सांगायचं काय त्यात? तू रोज दात घासतोस ते कोणाला सांगतोस?”

“मी दात घासले नाहीत म्हणून चार हजार ठिकाणचा पाऊस थांबत नाही!”

भाऊजींनी यावर वाद घातला नाही. यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

पुढचं त्यांनी शांतपणे सांगितलं. बाहेरून येणारे आकडे येतच राहतात. ते दारातच एका जागी थांबून असतात आणि आतून बोलावणं आलं की आत जातात. दारातली जागा एका दिवसापुरती आहे. म्हणजे गुरुवारी सव्वानऊनंतर नव्या आकड्यांना उभं राहायला जागा नाही. मग एकेक नोंद हरवायला लागणार. आणि नोंद हरवली की चौतीस वर्षांच्या सगळ्याच नोंदी गेल्या.

माझ्या खिशात फोन होता. आमच्या दोघांच्या मध्ये साधारण एक हात अंतर होतं.

“भाऊजी,” मी म्हणालो, “मी लावतो फोन. तुमचं नाव नाही घेणार. ‘यादी साफ करा’ एवढंच म्हणतो आणि ठेवतो. राँग नंबर.”

बोलता बोलता मी नंबरही शोधला. गटात त्यांच्यानंतरची जबाबदार व्यक्ती म्हणजे त्यांची जुनी विद्यार्थिनी. घरात आम्ही त्या बाईंना ‘पणबाई’ म्हणतो, कारण त्यांचं कुठलंही वाक्य ‘पण सर’ने सुरू होतं. आम्ही जेवायला बोलावलं तरी ‘पण सर, माझं जेवण झालंय’ असं म्हणून येतात आणि जेवतात.

“नको,” भाऊजी म्हणाले.

“अहो, बारा मिनिटांचं काम!”

“आज सांगेन. पुढच्या बुधवारी?” ते म्हणाले. “तीन महिन्यांनी? मग तू राँग नंबर करत बसणार का आयुष्यभर?”

मी फोन खिशात ठेवला. भाऊजींनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसले. साठीला आलेला, दोन खंडांतून बोलावणी येणारा माणूस स्वतःच्या हातांवर बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

दुपारी ताई आली. तिला सगळं सांगितल्यावर तिने पर्स खाली ठेवली आणि अगदी वेगळाच मुद्दा धरला.

“सोळा वर्षं? म्हणजे बुधवारची ती सकाळची मीटिंग?”

भाऊजींनी नळाकडे पाहिलं.

“मी सोळा वर्षं दर बुधवारी पाचला उठून तुमचा डबा केला. कोणाबरोबर होती हो मीटिंग?”

“यादीबरोबर,” भाऊजी म्हणाले.

“दुसरी बाई असती तर निदान लोकांना सांगता तरी आलं असतं!” ताई म्हणाली आणि साखर शोधायला लागली. साखर माळ्यावर आहे हे कळल्यावर ती जे बोलली ते इथे देत नाही. पण चहा तिने तिघांचा केला आणि भाऊजींच्या कपात दोन चमचे जास्तच घातली.

संध्याकाळी पाचला भाऊजींना फिरायला जायचं होतं. फिरायला म्हणजे संस्थेसमोरच्या रस्त्यावर. “समोरच्या फूटपाथवरून,” ते म्हणाले. “फूटपाथ सार्वजनिक आहे.”

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर गटाची खोली आहे. तिला रस्त्याच्या बाजूने मोठी काच आहे आणि आत भिंतभर पांढरा फळा. फळ्यावर भाऊजींच्या हातचे एक्केचाळीस चौकोन. आम्ही समोर एका ब्रेडच्या गाडीच्या आड उभे राहिलो. पाव उतरवणारा माणूस आमच्याकडे जरा संशयाने बघत होता. आत पणबाई फळ्यासमोर उभ्या होत्या, बाकीचे तिघे टेबलांवर बसलेले. पणबाई फळ्याजवळ गेल्या. मागे आल्या. पुन्हा गेल्या.

“विचार करतेय,” भाऊजी म्हणाले. “डावीकडे बघ म्हणावं. डावीकडे. यादी डावीकडे आहे.”

पणबाईंनी डस्टर उचललं.

“पुसतेय!” भाऊजींनी माझा दंड धरला. “काय पुसतेय? ती मधलं पुसतेय!”

मलाही दिसलं. सगळ्यांच्या मधोमध होता तो चौकोन, ज्याला सगळीकडून बाण येत होते. पणबाईंनी तो सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यांनी पुसला आणि मागे सरकून बघत राहिल्या. बाकीच्या तिघांपैकी एकजण उठून उभा राहिला. मग पणबाई खिडकीकडे वळल्या, आणि आम्ही दोघे एकाच वेळी पावांच्या ट्रेमागे बसलो.

“साहेब, घ्यायचेत का?” पाववाल्याने विचारलं.

आम्ही दोन डझन पाव घेऊन घरी आलो. वाटेत भाऊजी एकच वाक्य बोलले. “तो वाटाड्या होता.”

गुरुवारी साडेसातला मी पोचलो तेव्हा भाऊजी फाटकाशी उभे होते. माझी वाट नव्हे, माझ्या फोनची. सव्वानऊला पावणेदोन तास होते. नकाशावर अजून कालचीच वेळ होती. आम्ही आत जाऊन पाव खात बसलो, म्हणजे मी खात होतो. आठ वाजायला दहा मिनिटं असताना माझा फोन वाजला. ताई होती, आणि मागे पोरांचा गोंगाट.

“आला! नकाशा आला! बघितलात का? अरे गप्प बसा रे जरा! तुम्हाला नाही, वर्गाला.”

नकाशा आला होता. दारात थांबलेले आकडे भराभर आत जात होते. दर वेळी बघितलं की निळे डाग नव्या जागी, आणि वेळ पुढे. साडेआठपर्यंत ती घड्याळाबरोबर आली. एक नोंद हरवली नव्हती.

मला वाटलं, आता भाऊजी नाचतील. ते म्हणाले, “पेन आण.”

पावाच्या पुड्याचा कागद पसरून त्यांनी चौकोन काढायला सुरुवात केली. सगळे काढले, फक्त मधली जागा मोकळी ठेवली. त्या मोकळ्या जागेकडे ते बराच वेळ बघत होते. मग एका एका संगणकावरून बाहेर बाण काढले. तासाभराने मान वर केली.

“तिने यादीच काढून टाकली. प्रश्न आला की सगळ्यांनाच विचारायचं, ‘कोणाकडे आहेत हे आकडे?’ ज्याच्याकडे असतील तो बोलेल. मेलेला बोलणारच नाही. वाटाड्या लागतच नाही.”

“मग तुम्ही असं का नाही केलंत?”

“तेव्हा संगणकांना जोडणाऱ्या तारा बारीक होत्या. सगळ्यांना एकदम विचारलं असतं तर त्यांच्या आवाजातच सगळं बुडालं असतं. वाटाड्या बरोबर होता.” ते थांबले. “आठ वर्षांपूर्वी तारा बदलल्या. मीच बदलून घेतल्या.”

आठ वर्षं दर बुधवारी साफ केलेल्या यादीचा हिशेब त्यांनी मनात केला असावा. कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली आणि उरलेला पाव खाल्ला. नंतरचे दिवस ते चांगले वागले. डबे मूळ जागी लावले, प्लंबरला बोलावू दिलं. रविवारी ताईला घेऊन सिनेमाला गेले आणि मध्यंतरात नकाशा बघितला नाही असं ताई म्हणते. तिने बघितला.

सोमवारी मलाही संस्थेत जावं लागलं. फोन झाला नाही याला संचालिकांना साक्षीदार हवा होता. फूटपाथ आणि पावांबद्दल मी खोटं बोलण्याच्या पूर्ण तयारीने गेलो होतो, पण तशी गरजच पडली नाही. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, साठा राहील. मूळ आकडे राहतील. निवृत्तीनंतर पणबाई गटप्रमुख. एवढं बोलून त्या गेल्या.

खोलीत उरलो आम्ही दोघे आणि ते चौघे. फळ्यावर मधोमध हातभर पांढरी जागा. पणबाई तिच्यापुढे अशा उभ्या होत्या की जणू अंगाने ती झाकता येणार होती.

“पण सर, आम्ही आधी खूप शोधलं. वाटाड्याला धक्का न लावता जमतंय का बघितलं. पण सर, वेळ नव्हता.”

“जागा सोड,” भाऊजी म्हणाले.

त्या बाजूला झाल्या. भाऊजी फळ्याजवळ गेले, अगदी नाक टेकेल इतके. “दोन संगणक एकदम बोलले, ‘माझ्याकडे आहेत’, आणि दोघांचे आकडे वेगळे निघाले तर?”

“ज्याची नोंद नंतरची, त्याचं ऐकायचं.”

“सगळेच गप्प बसले तर?”

“दहा सेकंद थांबून पुन्हा विचारायचं. तीनदा. मग आपल्याला कळवायचं.”

“संगणक चारपट झाले तर? तारा पुन्हा बारीक पडतील.”

पणबाई फळ्यावरच्या मोकळ्या जागेकडे बघायला लागल्या. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं. भाऊजींना उत्तर येत होतं, हे मला शपथेवर सांगता येईल. तेवीस वर्षांत त्यांना उत्तर येत असताना ते गप्प बसलेले मी पाहिले नव्हते. ओठ दोनदा उघडले, दोनदा मिटले.

“शोधून काढ,” ते शेवटी म्हणाले आणि खुर्चीत बसले.

त्यांच्या गटात आणखी एक रीत आहे. कुठे बिघाड झाला की नंतर एक पानाचा अहवाल लिहायचा. काय थांबलं, किती वेळ, कोणता भाग निकामी होता, काय केलं. त्यात कोणाही माणसाचं नाव यायचं नाही. माणसाला दोष द्यायचा नाही, दोष व्यवस्थेत शोधायचा. पणबाईंनी अहवाल लिहून ठेवला होता. ‘कोणता भाग निकामी होता’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘यादी’.

भाऊजींनी ते खोडलं आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

“पण सर!” पणबाई जवळजवळ ओरडल्या. “माणसाचं नाव लिहायचं नाही हा नियम तुमचाच आहे.”

“माणूस म्हणून लिहीत नाहीये,” भाऊजी म्हणाले. “भाग म्हणून लिहितोय. दर बुधवारी बारा मिनिटं चालणारा, चित्रात नसलेला भाग. त्याच्यावरच सगळं उभं होतं.” मग त्यांनी यादीची गोष्ट सांगितली, सोळा वर्षांची, चहासकट. चौघांपैकी कोणी हसलं नाही. एकजण म्हणाला, “आम्हाला वाटायचं, सर मेल वाचतात.”

शेवटचा रकाना राहिला होता. ‘भाग काढून टाकल्यानंतरची स्थिती.’ भाऊजींनी पेन टेकवलं आणि पणबाईंकडे पाहिलं.

“सांग. काय लिहू?”

त्या घुटमळल्या. “लिहा ना सर तुम्हीच.”

“काढून टाकलेला भाग कसा लिहील? तू सांग.”

“सगळं व्यवस्थित चालू आहे,” पणबाई हळू आवाजात म्हणाल्या.

भाऊजींनी तसंच लिहिलं, शब्द सुटे सुटे, वळणदार. लिहून झाल्यावर वाचलं. मग वाक्याच्या आधी थोडी जागा शोधून त्यांनी एक शब्द घातला, ‘सध्या’.

पणबाई खांद्यावरून वाचत होत्या. “पण सर,” त्या म्हणाल्या.

“आता काय?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “बरोबर आहे.”